साबणाच्या कारखान्यातल्या तुळया

३ फेब्रुवारी, सोमवार

आज शेवटची तुळई चढली. गावाच्या त्या टोकाचा जुना साबणाचा कारखाना पाडला तेव्हा लोक म्हणाले, 'गेला बिचारा.' माझी धाकटी बहीण म्हणाली, 'जातोय कुठे?' आणि दारं, खिडक्या, विटा, फरशा, तुळया असं सगळं उचलून तिने या टोकाला आणलं. त्यातून वृद्धांसाठी दिवसभराचं विसाव्याचं घर उभं राहतंय. धाकटी वास्तुकार आहे आणि तिचा एकच धर्म आहे: काही टाकायचं नाही. नवीन काही आणावं लागलंच तर ते असं जोडायचं की उद्या सोडवून दुसरीकडे नेता येईल. म्हणून या इमारतीत गोंद नाही, सरस नाही, रंगाचा एक डबाही नाही. सगळं नटबोल्टवर. पुनर्जन्मावर माझा विश्वास नव्हता. आता रोज सकाळी नऊ ते सहा त्याच्या कार्यालयात बसतो.

मीही एका अर्थी पाडकामातलाच माल. शाळेने संस्कृतचा वर्ग बंद केला तेव्हा धाकटीने मला उचलून तिच्या कचेरीत बसवलं. माझं काम म्हणजे पत्रं लिहायची, माहितीच्या पाट्या लिहायच्या आणि गावच्या वर्तमानपत्राला दर आठवड्याला वार्तापत्र पाठवायचं. 'दादा, तूसुद्धा अजून वापरण्याजोगा आहेस,' असं ती म्हणते. स्तुतीच असावी.

आजची एक गंमत आणि तिचं थोडं श्रेय माझं. या तुळयांना एका अंगाला ओळीने खोल खाचा आहेत. कारखान्यात वरच्या मजल्याचे वासे त्या खाचांत बसत. बसवताना मिस्त्री खाचा वर ठेवत होता. मी धाकटीला म्हटलं, 'अगं, मी पाटीवर लिहिणार या लाकडाचा पूर्वजन्म, आणि पूर्वजन्माच्या खुणा छताआड धूळ खाणार? खाचा खाली कर. लोकांना मान वर केली की इतिहास दिसेल.' धाकटीचे डोळे चमकले. मिस्त्री म्हणाला, 'गुरुजी, लाकूड ते लाकूड. तुम्ही म्हणाल तर उभं लावतो.' सगळ्या तुळया उलट्या करून चढवल्या. आमच्या इंजिनिअरबाईंनी प्रत्येक तुळईच्या टोकाशी तांबड्या खडूने एक बाण काढून ठेवला होता, तो आता खाली, थेट पाहुण्यांकडे बघतो. स्वागतच म्हणायचं.

बाई इथे नाहीत. मुलीचं बाळंतपण अवघड आहे म्हणून दुसऱ्या गावी गेल्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार

गच्चीवर माती टाकली. म्हाताऱ्या माणसांना वाफ्यात हात घालता यावा, ही धाकटीची हौस. मिस्त्रीची माणसं दिवसभर घमेली चढवत होती. संध्याकाळी पाणी सोडलं तेव्हा दिवाणखान्यात साबणाचा वास पसरला. लाकडाने एवढी वर्षं तो जपून ठेवलेला. आईला घेऊन गेलो होतो. तिने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, 'इथे नुसतं बसलं तरी आंघोळ झाल्यासारखं वाटतं.'

तिने मधल्या तुळईखालची खुर्ची पसंत केली. तिथे उजेड चांगला येतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वर्तमानपत्रात एका सद्‌गृहस्थाचं पत्र: 'म्हाताऱ्यांसाठी भंगार!' नगरपालिकेत एक ठराव येतोय, जुनी इमारत पाडण्याआधी त्यातलं कामाचं सगळं सोडवून काढायचं, असा. आमचं घर पाहून मतं द्यायची, असं सभासदांचं म्हणणं. म्हणजे उद्घाटन नुसतं उद्घाटन नाही, धाकटीची तोंडी परीक्षा आहे. तिने पत्र वाचलं, घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. 'हेही वापरलं,' म्हणाली. पण हसली नाही.

दिवाणखान्यातून मागच्या खोलीत जायचं दार अडकायला लागलंय. मिस्त्रीने रंधा मारला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी वार्तापत्राला काही मजकूर सुचेल म्हणून रिकाम्या दिवाणखान्यात एकटाच बसलो होतो. वरून आवाज आला. मोठा नव्हता. बोटं मोडावीत तसा. नंतर शांतता. मग पुन्हा एक बोट.

मी उठलो. का उठलो ठाऊक नाही. पायांनी माझं मत विचारलं नाही.

मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, 'गुरुजी, लाकूड बोलतंच. नव्या जागेत आलंय, रुळेल. तुम्ही नव्या घरी गेलात की पहिले दिवस झोप येते का?' दृष्टान्त चोख होता. पटला. मात्र माझी खुर्ची मी भिंतीपाशी सरकवली, हे इथे लिहून ठेवतो. ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

दार पुन्हा अडकतंय. पुन्हा रंधा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भीतीचंही शास्त्र करावं, म्हणजे ती जरा शिस्तीत राहते. तरुणपणी न्यायशास्त्र शिकलो, ते कधी तरी कामाला यावं.

प्रत्यक्ष प्रमाण: मधल्या तुळईच्या एका खाचेच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ निघाली आहे. आधी होती की नव्हती, आठवत नाही. अनुमान: धूर दिसला तर अग्नी. पण जुन्या लाकडाला शंभर रेघा असतात, सगळ्यांमागे अग्नी कुठून असणार? शब्दप्रमाण: जाणत्या माणसाचा शब्द. तो धाकटीचा. तिला विचारायचं तर ती म्हणणार, 'दादा, तूसुद्धा? त्या पत्रवाल्यासारखा?' नाही विचारलं.

आमच्या गुरुजींचा आवडता दाखला होता: अंधुक उजेडात दोरी पडलेली असते आणि मनुष्य सापसाप म्हणून ओरडतो. साप नसतोच, साप त्याच्या डोक्यात असतो. मी स्वतःला बजावलं, पंडित, ही दोरी आहे.

तरी जेवताना आई म्हणाली, 'वरण... अरे, पाणी सांडतंय.' माझं लक्ष घरच्या आढ्याकडे होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीची सौंदर्यदृष्टी अलीकडे बिघडली आहे. दिवाणखान्याच्या बरोब्बर मधोमध, मधल्या तुळईखाली, तिने कारखान्यातली ती अवाढव्य लोखंडी मांडणी आणून उभी केली. पुस्तकांसाठी म्हणे. वर थोडी फट उरली होती, तिथे मिस्त्रीकडून लाकडी पाचर ठोकून घेतली. मी म्हटलं, 'भर मंडपात हत्ती बांधलास की गं. भिंतीला लाव.' एरवी अशा वाक्यावर तिने माझी पाठ सोलली असती. आज एवढंच म्हणाली, 'राहू दे ना दादा.'

खुर्च्याही तिने सगळ्या कडेला लावल्या, लग्नात नवऱ्याकडची मंडळी रुसून बसावी तशा. मध्ये मोठमोठ्या कुंड्या ठेवल्या. मग कुंड्या उचलायला लावल्या. मग गच्चीवरचं पाणी बंद करायला सांगितलं. 'झाडांचं काय?' मिस्त्रीने विचारलं. 'जगतील,' म्हणाली.

उद्घाटन जवळ आलं की वधूपिता असाच वागतो. ती जेवतही नीट नाही. सकाळी चहा घेताना डोळ्यांखाली काळं दिसलं. मी विचारलं, 'काय गं?' ती म्हणाली, 'काही नाही.' तीही मला म्हणाली, 'तू का असा ओढलेला दिसतोस?' मीही म्हणालो, 'काही नाही.' आमच्या घराण्याची ही परंपराच आहे. वडील गेले तेव्हाही त्यांचे शेवटचे शब्द 'काही नाही' हेच होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

धाकटी म्हणाली, 'आईला दिवाणखान्यात आणत जाऊ नकोस. रंगाचा वास आहे.'

कसला रंग? या इमारतीत रंगाचा डबा उघडलेला नाही, हे मीच दोन पाट्यांवर लिहिलंय. माझा तर्क असा: सभासद अधूनमधून डोकावतात आणि आई त्यांच्यासमोर काही तरी बोलून बसेल, याची तिला धास्ती. परवा एका सभासदाला आईने विचारलं होतं, 'तुम्ही पण जुन्यातूनच घेतलेले का?'

पण आईला काय सांगू? दुपारी ती काठी घेऊन दाराशी तयार असते. 'चल, माझी खुर्ची वाट बघत असेल.' धाकटी दुपारी नगरपालिकेत असते. मी आईला नेतो आणि ती यायच्या आत परत आणतो. पन्नाशी उलटलेला माणूस बहिणीच्या चोरून आईला फिरवतो. वय कशाच्याच आड येत नाही.

आईने कडेची खुर्ची ओढायला लावून पुन्हा मांडणीजवळ, उजेडात घेतली. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. बसवेना.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज आई म्हणाली, 'चहात भुसा पडतोय रे.'

मी कप बघितला. पिवळट, बारीक, चाळल्यासारखा. वर बघितलं. ती रेघ आता रेघ नव्हती. तिला जाडी आली होती आणि ती लाकडाच्या रेषेरेषेने लांब गेली होती. आईचा कप बदलून दिला. म्हटलं, 'वाळवी असेल.' आई म्हणाली, 'साबणाला वाळवी लागत नाही.' आणि पुस्तकात डोकं घातलं.

संध्याकाळी धाकटी घरी आली. धाकटीला सांगायचंच, असं ठरवून तिच्या खोलीच्या दाराशी गेलो. ती पलंगावर पाय घेऊन बसली होती. फोन हातात, इंजिनिअरबाईंचा नंबर समोर, आणि ती तो लावत नव्हती. मला पाहून फोन पालथा ठेवला. 'बाईंची मुलगी कशी आहे, विचारावं म्हणत होते,' म्हणाली. 'मग विचार ना.' 'विचारते.'

मी दारातूनच मागे फिरलो. तिच्यापुढे काय कमी आहे, त्यात माझी दोरी कशाला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी बाईंचा निरोप आला: नात झाली, दोघी सुखरूप. मला बरं वाटलं. दुपारी आईला दिवाणखान्यात बसवून मी अंगणापलीकडच्या कचेरीत आलो आणि बाईंना अभिनंदन कळवलं. सोबत दिवाणखान्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'तुमचे बाण पाहुण्यांचं स्वागत करायला सज्ज आहेत.'

लगेच फोन वाजला. बाई एरवी नमस्काराशिवाय बोलत नाहीत.

'बाण खाली का आहेत?'

मी खाचांची गोष्ट सांगायला लागलो. पूर्वजन्म वगैरे. त्यांनी मध्येच तोडलं.

'गुरुजी, ऐका. बाण म्हणजे वरची बाजू. तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दाबल्या जागी खाच खपते. ताणल्या जागी खाच म्हणजे कापड फाडायच्या आधी कात्रीने दिलेली चीर. पुढचं आपोआप फाटतं. गच्चीवर माती टाकली का?'

'टाकली.'

'तडा दिसतो का कुठे?'

मी खिडकीतून अंगणापलीकडे बघितलं.

'आत कोण आहे?'

'आई.'

फोन टेबलावर तसाच टाकून मी धावलो. अंगण एवढंसं आहे. आज संपेना.

आई मांडणीजवळ, भिंगातून वाचत बसलेली. कपावर तिने बशी झाकली होती. मी म्हटलं, 'ऊठ, चल.' ती म्हणाली, 'एवढा परिच्छेद होऊ दे.' वरून आवाज आला. या वेळी बोट नव्हतं, मनगट होतं. तिला कमी ऐकू येतं, पण पायांखालून तिलाही काही तरी जाणवलं असावं. तिने पुस्तकातून मान वर केली.

'तिला इथे कोणी आणलं?'

दारात धाकटी होती. नगरपालिकेतून लवकर आलेली. असा आवाज तिच्या गळ्यातून मी लहानपणापासून ऐकला नव्हता. ती धावत आली, तिने खुर्चीचे पुढचे पाय धरले, मी पाठ धरली आणि आईला खुर्चीसकट उचलून आम्ही बाहेर आलो. आई म्हणत होती, 'अरे, भिंग! माझं भिंग राहिलं!' कोणी थांबलं नाही. अंगणात खुर्ची टेकवली आणि आतून मोठा कडाड आला. मग दगड घासावा तसा लोखंडाचा आवाज.

छत पडलं नाही. मांडणीने धरलं. तिची वरची फळी वाकून धनुष्य झाली होती, पाचर चेपली होती, पण तिने धरलं.

कचेरीतून फोन आणला, बाई त्यावर होत्याच. त्यांनी मिस्त्रीला फोनवर घेतलं. 'आधी बाहेरून, दोन्ही बाजूंनी टेकू. टेकू लागल्याशिवाय कोणी गच्चीवर जायचं नाही आणि त्या तुळईखाली तर कोणीच नाही.' मिस्त्रीचा चेहरा पिठासारखा पांढरा. टेकू देताना तो फक्त एवढंच म्हणत होता, 'लाकूड ते लाकूड म्हणालो मी. लाकूड ते लाकूड.' सगळे टेकू लागल्यावर कडेकडेने माती उतरवायला सुरुवात झाली.

मी पायरीवर बसलो. धाकटी शेजारी बसली. आम्ही दोघंही अंगणातल्या आईकडे बघत होतो. ती भिंगावाचून पुस्तक दूर धरून वाचायचा प्रयत्न करत होती.

मी म्हटलं, 'ती मांडणी.'

'हो.'

'पुस्तकांसाठी नव्हती.'

'नव्हती.' मग म्हणाली, 'दार दुसऱ्यांदा अडकलं तेव्हाच छत वाकतंय अशी शंका आली, दादा. रोज वाटायचं, बाईंना फोन करावा. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मग माती काढा, तुळया उतरवा, उद्घाटन रद्द. आणि ते पत्रवाले... ठराव गेला असता. पुन्हा कोणी एक वीटसुद्धा सोडवू दिली नसती. म्हटलं, तेवढा दिवस निघू दे. खाली कोणी बसणार नाही एवढं बघू, नंतर गुपचूप दुरुस्त करू.' तिने तोंड हातांत घातलं. 'मी आईला येऊ नको म्हटलं होतं.'

'रंगाच्या वासाने.'

'खरं काय सांगणार होते?'

मला आवाज ऐकू आले होते, तडा दिसला होता, भुसा पडलेला कप मी हाताने बदलला होता. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'मग बोलला का नाहीस?'

'तू मला भित्रा म्हणशील म्हणून.'

दोघांच्या दोन भीत्या, आणि त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून आई वाचत बसली होती.

न्यायशास्त्राचं एवढं वाचन केलं. या वेळी साप होता आणि मी दोरी, दोरी म्हणत बसलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वार्तापत्र लिहिलं. धाकटी म्हणाली, 'निर्णय माझा होता, तसं लिही.' मी म्हटलं, 'कल्पना माझी होती.' लहानपणी खिडकीजवळच्या जागेसाठी भांडायचो तितक्याच चुरशीने दोषासाठी भांडलो. आई आतून ओरडली, 'अर्धा अर्धा घ्या!' तसंच लिहिलं. खाचांचं, बाणांचं, न विचारण्याचं, सगळं. उद्घाटन पुढे ढकललं आहे. ठरावाचं काय होईल, सांगता येत नाही.

तो सद्‌गृहस्थ सकाळीच अंगणात येऊन उभा. 'मी म्हटलंच होतं, भंगार.' धाकटी त्याच्याशी भांडेल असं वाटलं. ती म्हणाली, 'भंगार चांगलं आहे हो. आम्ही ते उलटं लावलं.'

७ मार्च, शुक्रवार

बाई आल्या. नातीचा फोटो दाखवण्याआधी त्यांनी छत बघितलं.

गोंदाने चिकटवलेलं असतं तर सगळं फोडावं लागलं असतं. इथे पाने लावून बोल्ट सैल केले, एकेक तुळई उतरवली, पालथी केली, परत चढवली. हा धाकटीचा धर्म पहिल्यांदा तिच्याच कामी आला. मिस्त्री प्रत्येक तुळई चढवताना ओरडायचा, 'बाण वर!' आणि खालून सगळे ओरडायचे, 'वर!' आता खाचा छताआड गेल्या. इतिहास दिसत नाही, छत दिसतं.

तडा गेलेली मधली तुळई बाईंनी बाद केली. तिच्या जागी कारखान्यातलीच दुसरी चढली. बाद झालेली टाकायची थोडीच होती? मिस्त्रीने तिचा बाक केला. फाटलेली बाजू खाली आहे. मी पाटी लिहितो म्हटलं. धाकटी म्हणाली, 'नको.'

१७ मार्च, सोमवार

आई पुन्हा तिच्या जागी. बाकावर बसते, उशी घेऊन. 'लाकूड जरा कडक आहे, पण वास छान आहे,' म्हणाली. मीही शेजारी बसतो. बसवतं, पण मान सारखी वर जाते. मागचं दार सुरळीत उघडतंय, हे मी येताना आणि जाताना करून बघतो. दुपारी नव्या मधल्या तुळईवर टोकाशी एक रेघ दिसली. बारीक. असेल आधीचीच.

आई म्हणाली, 'सारखा वर काय बघतोस?'

'दोरी आहे की साप, ते बघतोय.'

'मग धाकटीला विचार की.'

विचारलं. 'काही नाही' असं ती म्हणाली नाही. हसलीही नाही. हातातलं काम खाली ठेवलं आणि शिडी आणायला गेली.